क्लिफ्स ऑफ मोहर नीट पाहायचे असतील तर: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर काउंटीत, हे कडे अटलांटिकच्या तोंडावर उभे आहेत. डब्लिनमध्ये राहणारी मराठी मंडळी भारतातून आलेल्या आई-बाबांना इथे हमखास घेऊन जातात आणि त्यातली बरीच कुटुंबं नुसतं पांढरं धुकं पाहून परततात. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आधी तारीख ठरते, मग तिकीट काढलं जातं, मग गाडी ठरते आणि हवामान पाहिलं जातं ते निघायच्या दिवशी सकाळी. बेत उलट्या बाजूने आखायला हवा. आधी कड्यांजवळ मुक्काम धरायचा, हाताशी एक मोकळा दिवस ठेवायचा, हवामान पाहून वेळ ठरवायची आणि तिकीट सगळ्यात शेवटी काढायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत.

टप्पा १: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यांची पहिली चूक इथे होते. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. पॅरिस-रोमसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. त्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं व्हिसा केंद्रात द्यायची. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून हा अर्ज करता येतो. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून ही खिडकी उघडली की लगेच अर्ज करा.

ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेत एकाच व्हिसावर दोन्ही देश पाहता येतात. त्यासाठी व्हिसावर तशी नोंद असावी लागते आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. लंडनचा व्हिसा आहे म्हणजे आयर्लंडचं काम झालं, असं गृहीत धरून विमानाची तिकिटं काढू नका. आयर्लंडच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या व्हिसाचा प्रकार आधी तपासा.

सावधान: कडे पाहून झाल्यावर उत्तरेकडच्या जायंट्स कॉजवेलाही जाण्याचा बेत असेल, तर ती जागा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये आहे. सीमेवर चौकी नाही, कुणी अडवत नाही, म्हणून व्हिसा नको असा समज पसरला आहे. कायद्याने ब्रिटनचा वैध व्हिसा किंवा वर सांगितलेल्या योजनेची नोंद असलेला व्हिसा लागतोच. आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीयांनाही हा नियम लागू आहे.

टप्पा २: मुक्काम कुठे

डब्लिनहून कडे साधारण २७० किलोमीटर दूर आहेत. एका बाजूचा प्रवास तीन-साडेतीन तासांचा होतो. डब्लिनहून निघणाऱ्या एकदिवसीय बसने गेलात तर अख्खा दिवस खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष कड्यांवर दीड-दोन तास मिळतात, तेही बहुधा ऐन दुपारच्या गर्दीत. त्या दोन तासांत धुकं असलं तर संपलंच. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी बसने जरूर जावं, पण दोन रात्री काढता येत असतील तर बसचा विचार सोडून द्या.

मुक्कामासाठी सगळ्यात सोयीचं गाव डूलिन. कड्यांपासून गाडीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि बोटींचा धक्काही तिथेच आहे. दक्षिणेला लिस्कॅनर आणि लहिंच, आत लिस्डूनव्हार्ना. डूलिन लहान आहे, जून ते ऑगस्टमध्ये खोल्या लवकर भरतात. तिथे जागा नसेल तर एनिसटायमन पाहा. गॉलवे शहरात राहिलात तरी चालेल, पण तिथून कडे दीड तासावर आहेत. ‘आत्ता आभाळ उघडलं, चला’ असं म्हणून निघण्याची सोय गॉलवेत राहत नाही.

दोन रात्री घेतल्या की एक संध्याकाळ, एक पूर्ण दिवस आणि एक सकाळ हाती येते. या तीन संधींपैकी एक तरी साधते.

तपासा: मुक्काम आणि गाडीचं आरक्षण रद्द करता येण्यासारखं आहे ना? कड्यांचं तिकीट अजून काढलेलं नाही ना?

टप्पा ३: महिना आणि दिवसाची वेळ

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी खूप असते. ज्यांना पफिन पाहायचे आहेत त्यांनी एप्रिल ते जुलैमध्येच जावं. हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी फक्त विणीच्या काळात जमिनीवर येतो आणि जुलै संपता संपता समुद्रावर निघून जातो. ऑगस्टमध्ये जाऊन ‘एकही दिसला नाही’ म्हणणारे दरवर्षी भेटतात.

दिवसाच्या वेळेबाबत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या पाठीमागे असतो, त्यामुळे खडकाचा दर्शनी भाग काळा पडतो आणि फोटोत थर दिसत नाहीत. दुपार कलल्यावर प्रकाश समोरून येतो आणि वालुकाश्म, गाळाचा दगड आणि शेल (पातळ पापुद्र्यांचा मऊ खडक) यांचे एकावर एक रचलेले थर स्पष्ट दिसू लागतात. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी सहाला पोहोचलात तरी भरपूर उजेड असतो, टूरच्या बसगाड्या परतलेल्या असतात आणि वाट मोकळी असते. सकाळी अकरा ते दुपारी चार ही सगळ्यात वाईट वेळ. नेमक्या त्याच वेळेला बहुतेक जण पोहोचतात.

हिवाळ्यात गणित बदलतं. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि कड्यांवरचं पर्यटक केंद्र लवकर बंद होतं. तेव्हा दुपारी एक-दोनपर्यंत पोहोचा.

टप्पा ४: हवामान वाचणं

सगळा बेत या टप्प्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

फोनमधलं ढग-सूर्याचं चित्र इथे कामाचं नाही. आयर्लंडच्या हवामान खात्याचं, म्हणजे मेट एरनचं ॲप घ्या आणि मुक्कामाच्या गावाचा तासागणिक अंदाज पाहा. पावसाच्या टक्क्यांवर नजर खिळवून बसू नका. इथला पाऊस अनेकदा येऊन जातो आणि सर ओसरल्यावर हवा उलट स्वच्छ होते. बेत बिघडवणाऱ्या गोष्टी दोन आहेत: खाली उतरलेला ढग आणि वारा.

ढग उतरला की २१४ मीटर उंचीच्या कड्याच्या टोकावर उभं राहूनही खालचा समुद्र दिसत नाही, नुसता आवाज येतो. याची खूण सोपी आहे. डूलिनच्या धक्क्यावर जा आणि दक्षिणेकडे पाहा. कड्यांचा वरचा काठ ढगात शिरलेला दिसला, तर वर जाऊन काही हाती लागणार नाही. दोन तास थांबा. किनाऱ्यावर हवा झपाट्याने पालटते. काठ स्पष्ट दिसला की तिथेच फोनवर तिकीट काढा आणि निघा.

थांबायचं झालं तर वेळ वाया जात नाही. डूलिनची गुहा पावसातही पाहता येते. तिथे छतापासून लोंबणारा सात मीटरहून लांब चुनखडीचा स्तंभ आहे. गाडी असेल तर बरेनच्या चुनखडीच्या पठारावर पोलनाब्रोनचं पाच हजार वर्षांहून जुनं दगडी थडगं आहे.

वाऱ्याचं पाहताना सरासरी वेग आणि झोताचा वेग असे दोन्ही आकडे पाहा. इशारे यलो, ऑरेंज, रेड असे चढत्या क्रमाने असतात, पण यलो म्हणजे किरकोळ, असा समज चुकीचा आहे. वाऱ्याच्या यलो इशाऱ्यात झोत ताशी ९० किलोमीटरच्या वर जाऊ शकतात. एवढ्या झोतात मोकळ्या माथ्यावर धडधाकट माणसाचाही तोल जातो. ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर जाऊच नका. अशा वेळी कड्यांचा परिसर बंदही ठेवला जातो.

सावधान: वाऱ्याची दिशाही पाहा. नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून येतो आणि माणसाला आत ढकलतो. पूर्वेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मंद वाटला तरी कड्यापासून जास्त अंतर ठेवा.

तपासा: आजच्या दिवसासाठी इशारा आहे का? झोताचा वेग किती? कड्याचा काठ खालून दिसतोय का? तिन्हींचं उत्तर ठीक असेल तरच पुढचा टप्पा.

टप्पा ५: तिकीट आणि पोहोचणं

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. दर वेळेनुसार बदलतो आणि गर्दीच्या वेळेबाहेर स्वस्त पडतो. गाडी लावण्याचे पैसे त्यातच येतात. ते वाचवायला रस्त्याकडेला गाडी लावणारे दिसतात. कड्यांजवळून जाणारा आर ४७८ हा अरुंद, वळणावळणाचा रस्ता आहे, त्यावरून मोठ्या बस धावतात. मुलांना घेऊन त्यावरून चालत येणं कड्यावर उभं राहण्याइतकंच धोक्याचं आहे.

गाडी चालवणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट म्हणजे इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि पाहुण्यांना भारतातला वैध परवाना चालतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवा. नकाशाचं ॲप जवळचा रस्ता म्हणून एका गाडीपुरती गल्ली दाखवतं. दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि मधोमध गवत दिसलं तर मागे वळा आणि मोठ्या रस्त्याने या. डब्लिनभोवतीच्या एम ५० रस्त्यावर टोलनाकाच नाही, तिथला टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन भरावा लागतो. भाड्याच्या गाडीचा टोल कोण भरणार, हे किल्ली घेतानाच विचारा.

गाडी नसेल तर बस एरनचा ३५० क्रमांकाचा मार्ग गॉलवे, डूलिन, कडे, लहिंच आणि एनिस यांना जोडतो. फेऱ्या मोजक्या आहेत. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी लिहून घ्या, मग चढा.

टप्पा ६: अंगावर काय, पिशवीत काय

छत्री नेऊ नका, पहिल्या झोतात उलटी होते. टोपी असलेलं, पाणी न झिरपणारं जाकीट प्रत्येकाला हवं, जुलैतसुद्धा. आत एक उबदार थर. बुटांचे तळ खाचांचे हवेत, ओल्या फरशीवर गुळगुळीत तळाचे बूट घसरतात.

आईला किंवा सासूबाईंना साडीत नेऊ नका. वाऱ्यात साडीचा घोळ पायात येतो, पदर तोंडावर येतो आणि पायऱ्यांवर पाय चुकतो. पँट किंवा सलवार, त्यावर जाकीट, आणि ओढणी असेल तर ती जाकिटाच्या आत.

खाण्याचं म्हणाल तर केंद्रातल्या उपाहारगृहात शाकाहारी सूप आणि ब्राउन ब्रेड बहुधा मिळतो. आई-बाबांना तेवढ्याने भागत नसेल तर मुक्कामावरून पोळीभाजीचा डबा घ्या. भारतातून येताना चिवडा, भडंग, खाकरे आणायला हरकत नाही, पण तूप, खवा, पेढे, बर्फी आणू नका. युरोपियन युनियनबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. विमानतळावर पकडले तर जप्त होतात.

दुर्बीण असेल तर नक्की घ्या. ड्रोन घरीच ठेवा. इथे परवानगीशिवाय उडवता येत नाही, शिवाय हा समुद्रपक्ष्यांच्या विणीचा संरक्षित भाग आहे.

टप्पा ७: वर पोहोचल्यावरचा क्रम

केंद्राचं प्रदर्शन शेवटी पाहा. आधी बाहेर पडा, कारण आत्ता दिसणारा कडा अर्ध्या तासाने दिसेलच असं नाही.

१. आधी मुख्य सज्जा. केंद्रापासून इथपर्यंत फरसबंदी आहे, अंतर थोडं आहे. गुडघेदुखी असलेल्यांना इथून दक्षिणेकडे हॅग्ज हेड या शेवटच्या टोकापर्यंतची सगळी रांग दिसते, त्यांनी पुढे गेलंच पाहिजे असं नाही. चालणं फारच जड जात असेल तर काय सोय होऊ शकते ते स्वागतकक्षात आत शिरतानाच विचारा.

२. मग दक्षिणेचा सज्जा. पफिन पाहायचे ते इथून. खाली गोट आयलंड नावाचा गवताळ सुळका आहे, त्यावर त्यांची बिळं आहेत. नुसत्या डोळ्यांना पांढरे ठिपके दिसतात, दुर्बिणीतून चोच दिसते. इथे घाई करू नका. पाच मिनिटांत ‘काही नाही’ म्हणून वळणारे बहुतेक जण चुकीच्या जागी, उडणाऱ्या पक्ष्यांकडे पाहत असतात. नजर गवतावर ठेवा.

३. शेवटी उत्तरेला ओब्रायन टॉवर, १८३५ साली बांधलेला. वाटेत पायऱ्या आणि चढ आहे. कड्यांचा सर्वात उंच भाग याच बाजूला आहे आणि समुद्रातून वर आलेला ब्रॅनन मोर हा ६७ मीटरचा एकटा सुळका इथून दिसतो. हवा स्वच्छ असेल तर समोरच्या समुद्रातली अरन बेटंही दिसतात.

सगळं मिळून तीन तास धरा.

टप्पा ८: कड्याची कड

आपल्याकडच्या ट्रेकर्सना हे जास्त निक्षून सांगावं लागतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोटावर झोपून खाली डोकावण्याची अनेकांना सवय असते. तीच सवय इथे जिवावर बेतू शकते. कोकणकडा बेसॉल्टचा आहे. मोहरचा कडा थरांचा आहे: कठीण वालुकाश्माच्या खाली मऊ शेल. लाटा, पाऊस आणि वारा मऊ थर आधी खातात आणि वरचा थर पुढे आलेल्या फळीसारखा अधांतरी राहतो. त्यावर माती आणि हिरवंगार गवत असतं, म्हणून तो भक्कम दिसतो. तुम्ही उभे आहात त्याच्या खाली खडक आहे की पोकळी, हे वरून कळायला काही मार्ग नाही. हे काठ कोसळतात आणि आधी इशारा देत नाहीत.

मुख्य भागात वाटेच्या कडेला उभ्या दगडी फरश्यांची भिंत आहे. फोटोसाठी तिच्यावर चढून पलीकडे गेलेली माणसं तुम्हाला दिसतील. पलीकडे पायवाट पडलेलीही दिसेल. पायवाट आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा निष्कर्ष काढू नका. इथे माणसं पडून मेली आहेत.

काही नियम घरून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवा:

१. भिंत ओलांडायची नाही, भिंतीवर बसायचं नाही, मुलांना भिंतीवर उभं करायचं नाही आणि खांद्यावर घेऊन तिच्याजवळ जायचं नाही.

२. लहान मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरायचा आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. दोन्ही कामं एकाकडे नकोत.

३. टोपी, फोन, मुलांचं खेळणं उडून पलीकडे गेलं तर ते गेलं. आणायला जायचं नाही.

४. फोटो काढताना मागे पाऊल टाकायचं नाही. आधी जागा घ्यायची, मग कॅमेरा काढायचा.

डूलिनहून कड्यांच्या काठाने लिस्कॅनरपर्यंत जाणाऱ्या लांब वाटेबद्दल जुने लेख वाचून बरेच जण सकाळी चालायला निघतात. २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून त्या वाटेचे मोठे भाग बंद करण्यात आले. आज कोणता भाग खुला आहे, हे अधिकृत संकेतस्थळावर निघण्याच्या आदल्या दिवशी पाहा आणि जागेवर बंदचा फलक दिसला तर तिथूनच परत फिरा. जुन्या लेखातला नकाशा फलकापेक्षा खरा मानू नका.

सावधान: कुणी पडलं किंवा अडकलं तर स्वतः खाली उतरण्याचा प्रयत्न नको. ११२ किंवा ९९९ लावा आणि कोस्ट गार्ड मागा. कोस्ट गार्डचं पथक डूलिनमध्येच आहे. फोनवर नेमकी जागा सांगता यावी म्हणून कोणत्या सज्जाजवळ आहात हे लक्षात ठेवा.

टप्पा ९: खालून पाहणं

कड्यांची उंची खऱ्या अर्थाने कळते ती बोटीतून. माझं मत विचाराल तर वरून पाहणं आणि बोट यांपैकी एकच जमणार असेल आणि समुद्र शांत असेल तर बोट निवडा. डूलिनच्या धक्क्यावरून कड्यांच्या पायथ्याशी जाऊन येणारी फेरी साधारण तासाभराची असते. पूर्ण दिवस असेल तर सकाळी अरन बेटांपैकी सर्वात जवळच्या इनिश ओर बेटावर जाऊन परतताना कड्यांखालून येणारी फेरी घेता येते. बोटी साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे बोट शेवटच्या दिवसावर ठेवणं. जमिनीवर ऊन असलं तरी दूरवरच्या वादळाची लाट किनाऱ्यावर पोहोचते आणि फेऱ्या रद्द होतात. म्हणून पहिला शांत दिवस बोटीला द्या, कडे वरून त्याच संध्याकाळी पाहा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. बसायला मागची, खालची बाजू बरी.

तपासा: फेरी चालू आहे ना, हे त्या दिवशी सकाळी कंपनीकडून पक्कं करून घ्या. रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हेही तिकीट काढतानाच वाचा.

संध्याकाळी कड्यांवर उशिरापर्यंत थांबणार असाल तर जेवणाचं आधी बघा. डूलिनच्या पबमध्ये गाणं-वाजवणं रात्री उशिरापर्यंत चालतं, पण स्वयंपाकघर साधारण नऊच्या सुमारास बंद होतं. सूर्यास्त पाहून दहा-साडेदहाला परतलात तर चिप्सच्या पाकिटावर रात्र काढावी लागते. त्यामुळे सहाला जेवून वर जा किंवा डबा गाडीत ठेवा.